सरकारी प्रकल्पावर डेव्हऑप्सचं काम प्रत्यक्षात कसं असतं? खासगी कंपनी सोडून जावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात एका प्रॉडक्ट कंपनीत चार वर्षं डेव्हऑप्स, म्हणजे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवण्याचं आणि चालू ठेवण्याचं काम, करताय आणि आता राज्य शासनाच्या एका विभागाच्या प्रकल्पावर अकरा महिन्यांच्या करारावर जागा चालून आली आहे. रोजचं काम नेमकं काय असतं आणि तिकडे गेल्यावर कौशल्यं गंजतील का, असे तुमचे मुख्य दोन प्रश्न आहेत. मी २०१८ पासून अशाच प्रकल्पांवर काम करते, त्याआधी पाच वर्षं खासगीत होते. अनुभवातून जे कळलं ते सांगते.

सुरुवात पगारापासून करते, कारण त्याबद्दल कुणी आधी बोलत नाही. सरकारी नोकरी वेगळी आणि सरकारी प्रकल्पावरची नोकरी वेगळी. एनआयसीत, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात, निवडप्रक्रियेतून वैज्ञानिक पदावर गेलात तर ती कायम नोकरी. तुम्हाला आलेली जागा तशी नाही. निविदा मिळालेल्या कंपनीच्या नाहीतर मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारपत्रकावर तुमचं नाव असेल. बसाल विभागाच्या कार्यालयात, ऐकाल विभागाच्या अधिकाऱ्यांचं, पण पगार एजन्सी देणार. एजन्सीचं बिल विभागाकडे अडकलं की तुमचा पगार लांबतो. माझा एकदा अडीच महिने लांबला होता, तेव्हा घराचा हप्ता भावाकडून उसने घेऊन भरला. तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर आधी तो जमवा, मग राजीनाम्याचं बघा.

आता काम. खासगीत आमचं अ‍ॅप अर्धा तास बंद पडलं तर लोक दुसरं अ‍ॅप उघडायचे. इथे दुसरं अ‍ॅपच नाही. बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यासाठी सेतू केंद्रावर रांग लागते आणि प्रवेशाची शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही. जून-जुलै म्हणजे आमची सुगी. त्यात एखादी नवी योजना आली की अंदाजाचे सगळे आकडे बाजूला ठेवावे लागतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जूनला निघाला आणि १ जुलैपासून अर्ज सुरू झाले. मध्ये हातात दोन दिवस, तेही शनिवार-रविवार. लगेच दाखल्यांसाठी तहसील कार्यालयांसमोर बायकांच्या रांगा लागल्या. खासगीत मार्केटिंगवाले मोहिमेची तारीख महिनाभर आधी कळवतात. इथे लोड किती वाढणार हे शासन निर्णय वाचूनच कळतं. मी आजही सकाळी आधी नवे शासन निर्णय चाळते, मग सर्व्हरवरचा ताण दाखवणारा ग्राफानाचा डॅशबोर्ड उघडते.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण या कामात काय काय येतं ते त्यात बरंचसं आहे.

सेंटओएस ७ या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. सपोर्ट नसलेली ऑपरेटिंग सिस्टीम ऑडिटमध्ये चालत नाही, त्यामुळे आमच्या एका प्रणालीचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवायचा होता. डेटाबेसचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस होतं. नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर स्टँडबाय (राखीव सर्व्हर) उभा केला, रेप्लिकेशन, म्हणजे डेटाची सतत नक्कल, लावलं, रविवारी पहाटे फेलओव्हर करून काम नव्या सर्व्हरवर वळवलं. दहा मिनिटांत सगळं हिरवं. मी घरी जाऊन झोपले.

सोमवारी अकराच्या सुमाराला एका तालुक्याच्या कार्यालयातून ऑपरेटरचा फोन आला. तो म्हणाला, "मॅडम, एक आजी समोर बसल्यात, जुनं कार्ड हातात आहे. नावानं शोधलं की दिसतंय, कार्डाचा क्रमांक टाकला की नोंद सापडली नाही म्हणतंय. आणि क्रमांकाशिवाय पुढचं पान उघडत नाही."

अख्खं निदान त्या एका वाक्यात होतं, पण मला ते कळायला दोन तास लागले. कार्डांचे क्रमांक जुन्या नोंदवह्यांतले, मध्ये आडव्या रेघा असलेले. पोस्टग्रेस मजकुराच्या रकान्याचा इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधण्याची सूची, ऑपरेटिंग सिस्टीमच्या क्रमवारीप्रमाणे लावून ठेवतं, आणि ती क्रमवारी जीलिबसी नावाच्या लायब्ररीतून येते. जीलिबसी २.२८ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर बदलली. जुन्या यंत्रावर '११' आधी यायचं आणि '१-१' नंतर, नव्या यंत्रावर उलट. रेप्लिकेशननं इंडेक्स जसाच्या तसा, जुन्याच क्रमानं आला होता. नवं यंत्र नव्या नियमानं शोधत भलत्याच फांदीवर जायचं आणि तिथे काही नाही असं सांगायचं. शब्दकोशाची पानं जुन्या वर्णक्रमानं लावलेली आणि शोधणारा नवा वर्णक्रम शिकून आलेला, असा प्रकार. नोंद जागच्या जागी होती. लॉगमध्ये एकही एरर नव्हती, मॉनिटरिंगवर लाल काही नव्हतं.

उपाय सोपा, रीइंडेक्स करायचं, म्हणजे सूची नव्यानं बांधायची. पण एक इंडेक्स युनिक (एक क्रमांक एकदाच येऊ देणारा) होता आणि तो पुन्हा बांधताना अडला, कारण सकाळपासून काही केंद्रांवर 'नोंद सापडत नाही' म्हणून त्याच क्रमांकाची नवी नोंद करून टाकली होती. इंडेक्स बिघडलेला असल्यानं डेटाबेसनं ती दुबार नोंद घेतलीसुद्धा. खासगीत मी दोन्ही ओळी बघितल्या असत्या, नंतरची उडवली असती आणि विषय संपला असता. इथे मी हात आखडता घेतला. त्या ओळीवर कुणाचा तरी हक्क अवलंबून असतो आणि ती खोडायचा अधिकार माझा नाही, सक्षम अधिकाऱ्याचा आहे. दुबार नोंदींची यादी काढली, तालुकानिहाय पाठवली, प्रत्येकीवर तिथल्या अधिकाऱ्यानं कोणती ठेवायची ते लिहून सही केली, मग आम्ही बदल केला. त्याला तीन दिवस लागले. बाकीचे इंडेक्स त्याच संध्याकाळी बांधले. आमच्या अवर सचिवांनी फोनवर परवानगी दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः टिप्पणी लिहून नस्तीवर, म्हणजे फाइलवर, घेतली. आजींचं काम मंगळवारी झालं, म्हणजे त्यांना एक खेप जास्तीची पडली. गावाहून तालुक्याला यायला बसचं तिकीट, बुडालेली मजुरी. ती खेप मला अजून लागून राहिली आहे. आता यंत्र बदलायच्या आधी आणि नंतर अ‍ॅमचेक या पोस्टग्रेसच्या साधनानं सगळे इंडेक्स तपासल्याशिवाय मी काम संपलं म्हणत नाही, आणि कुठल्याही बदलानंतरच्या पहिल्या सकाळी दोन-तीन तालुक्यांना आपणहून फोन करून विचारते.

या प्रसंगातून रोजच्या कामाची रीत तुमच्या लक्षात आली असेल. पाइपलाइन, म्हणजे कोड बांधून (बिल्ड) सर्व्हरवर चढवण्याची (डिप्लॉय) साखळी, इथेही असते. जेनकिन्स नाहीतर स्वतःच्या सर्व्हरवरचं गिटलॅब, अ‍ॅन्सिबल, कंटेनर, सगळी साधनं ओळखीची. फरक हा की बिल्ड आणि डिप्लॉय यांच्यामध्ये माणसांच्या सह्या असतात. युजर टेस्टिंग झाल्याचं विभागाचं पत्र, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीवरच्या ऑडिटरचं 'सेफ टू होस्ट' प्रमाणपत्र, बदलाची मंजुरी. सुरुवातीला मला हे सगळं अडथळे वाटायचे. आता मी त्यांना पाइपलाइनचे टप्पेच धरते आणि तसंच त्यांचं नियोजन करते. ऑडिटरला काय लागतं ते आधीच माहीत असतं, तर तेच स्कॅन आपल्या बिल्डमध्ये रोज चालवायचे. म्हणजे ऑडिटला गेल्यावर नवं काही निघत नाही आणि तीन फेऱ्यांऐवजी एका फेरीत प्रमाणपत्र मिळतं. आमचा रिलीजचा वेळ असाच कमी झाला, एकही सही वगळली नाही.

सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश मात्र रुजू व्हायच्या आधी स्वतः वाचा. ते खासगी कंपन्यांनाही लागू आहेत, पण इथे त्यांचं पालन रोजच्या कामात दिसतं. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे, सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. क्लाउड वापरायचा तर केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं पॅनेलवर घेतलेल्या सेवादाराचा. बाहेरच्या देशात चालणारी होस्टेड टूल्स तुम्हाला हाताशी लागत असतील तर ती सवय मोडावी लागेल.

ऑटोस्केलिंगचं, म्हणजे लोडप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढवण्या-घटवण्याचं, दुखणं वेगळंच आहे. तांत्रिक अडचण काही नाही, अडचण पैशाच्या रचनेत आहे. निविदेत बीओक्यू, म्हणजे परिमाणांचा तक्ता, असतो, इतके सर्व्हर, इतकी मेमरी, इतकी डिस्क, वर्षाला इतके रुपये. जूनमध्ये चौपट आणि ऑक्टोबरमध्ये पाव असं बिल येऊ लागलं तर ते कुठल्या लेखाशीर्षात बसवायचं हे लेखा शाखेला कळत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. मी एकदा मागच्या तीन वर्षांचे महिनावार लोडचे आलेख घेऊन लेखाधिकाऱ्यांसमोर बसले. त्यांनीच मार्ग काढला. वर्षाची कमाल मर्यादा ठरवून तिच्या आत वापराप्रमाणे खर्च करायचा. पुढच्या निविदेत ते कलम आलं. डेव्हऑप्सवाल्यानं लेखाशीर्ष समजून घेणं हे इथलं खरं कौशल्य आहे आणि ते कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

अशीच एक गोष्ट आता दाराशी येऊन ठेपली आहे. संकेतस्थळ सुरक्षित असल्याची ओळख देणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राची मुदत मार्च २०२६ पर्यंत जास्तीत जास्त ३९८ दिवस असायची, त्यामुळे वर्षातून एकदा खरेदीची नस्ती चालवली की भागायचं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सीए/ब्राउझर फोरमनं २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे ही मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून फक्त ४७ दिवस होते आहे. दर ४७ दिवसांनी नस्ती फिरवता येणार नाही. प्रमाणपत्रं आपोआप नवी करणारी यंत्रणा प्रत्येक विभागाला लागेल, आणि त्यासाठी तांत्रिक काम जेवढं आहे तेवढंच अधिकाऱ्यांना समजावण्याचं आहे. तुम्ही गेलात तर पहिल्या महिन्यात हेच हाती घ्या. लगेच दिसेल असं काम आहे आणि सगळ्यांना त्याची गरज आहे.

कुबरनेटीस, म्हणजे अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी यंत्रणा, तिकडे न्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. तुमचा करार अकरा महिन्यांचा, कंपनीची निविदा फार तर पाच वर्षांची, आणि त्या नोंदी मात्र पन्नास वर्षं राहणार आहेत. तुमच्यानंतर जो येईल त्याला जे चालवता येणार नाही ते उभं करू नका. चार व्हर्च्युअल मशीन आणि नीट लिहिलेली अ‍ॅन्सिबल प्लेबुक (सर्व्हर उभारायच्या लिखित सूचना) यावर जे भागतं ते त्यावरच ठेवा. मी आमचं रनबुक, म्हणजे अडचण आली की काय करायचं त्याची वही, मराठीत लिहिलं, कारण रात्री दोनला ते वाचणारा जिल्हा कक्षातला मुलगा मराठीत विचार करतो. 'सर्व्हिस बंद असेल तर आधी डिस्क भरली आहे का ते पाहा' इतक्या साध्या भाषेत. त्यानंतर रात्रीचे माझे फोन निम्म्याहून कमी झाले.

गंजण्याबद्दल. नवी टूल्स इथे उशिरा येतात हे खरं आहे, त्यामुळे ती घरी स्वतः शिकत राहावी लागतात. पण जुनी यंत्रं, अपुरे सर्व्हर, हात न लावता येणारा डेटा आणि थांबवता न येणारी सेवा यांच्यात काम केल्यावर लिनक्स, नेटवर्क आणि डेटाबेस यांचा पाया जितका पक्का होतो तितका माझा खासगीत कधी झाला नव्हता. त्या प्रसंगानंतर मी एका खासगी कंपनीत मुलाखत दिली होती. त्यांनी तासभर त्या इंडेक्सच्या प्रसंगाबद्दलच विचारलं आणि ऑफर दिली. मी गेले नाही, कारण इथे हातातलं काम अर्धवट होतं आणि मला ते सोडवेना.

होकार देण्याआधी मुलाखतीत तुम्हीही त्यांना विचारा. तुमचा करार कुठल्या निविदेवर आहे आणि ती निविदा कधी संपते. डोमेनचा आणि रूटचा (सर्व्हरच्या सर्वाधिकार खात्याचा) पासवर्ड विभागाकडे आहे की कंत्राटदाराच्या एखाद्या माणसाकडे. प्रॉडक्शनसारखं, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीसारखं, चाचणीचं स्टेजिंग आहे का. रात्री तातडीचा बदल लागला तर मंजुरी कोण देतं आणि त्यांचा नंबर तुम्हाला मिळेल का. आणि शेवटचा बॅकअप परत चढवून कधी पाहिला. त्यांनी नेमकी तारीख सांगितली तर खुशाल जा. "बॅकअप रोज होतो" एवढंच म्हणाले, तर पहिल्या आठवड्यात तुमचं काम काय असेल ते तुम्हाला कळलंच.