वडिलांच्या डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या नोंदवहीत) आईचं नाव चुकलंय आणि धाकट्या भावाची नोंदच नाही. नाशिकमध्ये दुरुस्ती कुठे करायची?

वडील तोफखान्यातून निवृत्त झाले असतील तर तुमचं काम सोपं आहे, कारण तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोड कॅम्पमध्येच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे असतील तर कागद बेळगावला जातील. दुरुस्ती करतं ते त्या त्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस, बँक नव्हे. आम्ही आधी बँकेतच हेलपाटे घातले, म्हणून मुद्दाम सांगतो.

सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करा. अर्ज वडिलांच्या सहीने द्या. त्यावर आर्मी नंबर, हुद्दा आणि पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश) क्रमांक हवाच. सोबत डिस्चार्ज बुक व पीपीओच्या प्रती, आई-वडिलांची आधार कार्डं, प्रतिज्ञापत्र आणि भावाचा जन्मदाखला जोडा.

आमच्या घरी डिस्चार्ज बुकात 'लक्ष्मी' होतं आणि आधारवर 'लक्ष्मीबाई'. एवढ्याशा 'बाई'पायी वडील गेल्यावर आईचं कुटुंब निवृत्तिवेतन अडलं. म्हणून कळकळीने सांगतो, वडील हयात आहेत तोवर हे उरकून घ्या. त्यांच्या एका सहीने होणारं काम नंतर आईला एकटीने सिद्ध करत बसावं लागतं.

रेकॉर्ड ऑफिसात नोंद बदलली म्हणजे झालं असं समजू नका. पीपीओतही तीच चूक असेल तर प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून सुधारित पीपीओ निघावा लागतो. तो हातात आला की 'स्पर्श' या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन पोर्टलवर आईचं नाव अक्षरन् अक्षर तपासा. टपाल स्पीड पोस्टानेच पाठवा, पावती डिस्चार्ज बुकातच ठेवा.