तिकीट काढण्यापूर्वी विमान कोणत्या प्रकारचे आहे, हे कसे ओळखावे?

गुडघेदुखी असलेल्या आईला घेऊन तुम्ही पहिल्यांदाच विमानाने जाणार आहात, तिला ‘पंख्याच्या विमाना’ची धास्ती वाटते, आणि म्हणून तिकीट काढण्याआधीच विमानाचा प्रकार कळेल का, असे तुम्ही विचारले आहे. बहुतेक वेळा तो कळतो.

गूगल फ्लाइट्सवर हव्या त्या उड्डाणाचा तपशील उघडला की वेळांच्या खाली विमानाचे नाव दिसते. काही ठिकाणी नावाऐवजी तीन अक्षरांचा संकेत असतो: ‘एटी7’ म्हणजे एटीआर 72, तर ‘32एन’ म्हणजे एअरबस ए320निओ. तुमच्या आईला ज्याची भीती वाटते ते पंख्याचे विमान म्हणजे आपल्याकडे बहुधा एटीआर. इंडिगो आणि अलायन्स एअर या दोन्ही कंपन्या ते वापरतात. आसनांच्या नकाशावरूनही अंदाज येतो, कारण एअरबस ए320 मध्ये मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने असतात आणि एटीआरमध्ये दोन-दोन. मात्र स्टार एअरच्या एम्ब्रेअर 175 मध्येही दोन-दोनच आसने असतात आणि ते जेट विमान आहे, त्यामुळे केवळ नकाशावर विसंबू नये. एटीआरचा वेग कमी असल्याने एकाच मार्गावरील दोन थेट उड्डाणांपैकी एकाला ठळकपणे जास्त वेळ दाखवला असेल, तर तीही एक खूण समजावी.

माझा सर्वाधिक भरवसा मात्र विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार24 या संकेतस्थळावर आहे. तेथे उड्डाण क्रमांक टाकला की मागील सात दिवसांत त्या क्रमांकाने प्रत्यक्ष कोणते विमान उडाले, हे विनामूल्य पाहता येते. सातही दिवस एकच प्रकार दिसला तर निश्चिंतपणे तिकीट काढावे, आणि आलटून पालटून दोन दिसले तर दुसऱ्या उड्डाणाचा विचार करावा. तुमचा प्रवास दोन-तीन महिन्यांनंतर असेल, तर आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहावे, कारण वेळापत्रक बदलले की विमानेही बदलतात. विमान बदलण्याचा अधिकार कंपन्या आपल्या अटींमध्ये राखून ठेवतात. वडिलांना घेऊन जाताना मला याचा अनुभव आला: तिकीट एअरबसचे होते, आले एटीआर, आणि आम्हा दोघांची शेजारची आसने दोन टोकांना गेली. एका सहप्रवाशाने जागा बदलून दिली, म्हणून निभावले.

तरीही आईच्या गुडघ्यांचा विचार करता एटीआर सरसकट टाळू नये, असे मला मनापासून वाटते. ते जमिनीपासून बरेच खाली असते, त्यामुळे जिना मोजक्याच पायऱ्यांचा असतो; उलट एअरबस विमानतळाच्या इमारतीतून थेट विमानात नेणाऱ्या पुलाला न लागता दूर मैदानात उभी राहिली आणि पायऱ्यांऐवजी उताराची सोय नसली, तर उंच जिना चढावा लागतो. एटीआरमध्ये प्रवाशांची ये-जा मागच्या दाराने होते आणि पंख्यांचा आवाजही मागे कमी जाणवतो, म्हणून ते विमान मिळालेच तर आईसाठी शेवटच्या दोन-तीन रांगांपैकी एखादे आसन घ्यावे. विमान कोणतेही असो, चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी.