जर्मनीत चेलो शिकायचा तर आधी गुरू, मग गाव

तुमची मुलगी बारावीला आहे, पुण्यात लहानपणापासून चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, बसून वाजवायचं वाद्य) शिकतेय, ट्रिनिटी या लंडनच्या परीक्षा-मंडळाची आठवी ग्रेड चांगल्या गुणांनी झाली आहे आणि आता जर्मनीत बॅचलरला जायचं म्हणते. तुमचे प्रश्न तीन: कुठल्या शहरात अर्ज करावा, खर्च किती येईल, आणि पुढे यावर पोट भरेल का. पहिल्या प्रश्नात मात्र शहराऐवजी शिक्षक हा शब्द घाला. मग बाकीचं आपोआप मार्गी लागेल.

इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, संगीत-होखशूलमध्ये (संगीताच्या विद्यापीठात) विद्यार्थी एका ठरावीक प्राध्यापकाच्या वर्गात जातो. त्या वर्गात त्या वर्षी जागा रिकामी नसेल तर परीक्षा उत्तीर्ण होऊनही प्रवेश मिळत नाही, आणि हे दरवर्षी अनेकांच्या बाबतीत होतं. म्हणून परीक्षेच्या सहा-आठ महिने आधी प्राध्यापकांना मेल करायचा. मेल पाच-सहा ओळींचा असावा: वय, सध्याचे शिक्षक, तयार असलेल्या रचना, रेकॉर्डिंगच्या दोन लिंक आणि एक तास शिकवाल का ही विनंती. बरेचजण ऑनलाइन ऐकून घेतात, पण शक्य असेल तर उन्हाळ्यातल्या एखाद्या मास्टरक्लासला समोर बसून वाजवलेलं बरं. त्या तासात तिने किती छान वाजवलं यापेक्षा सांगितलेली गोष्ट दहा मिनिटांत हातात उतरली का, हे प्राध्यापक बघतात. तिनेही बघावं: बोचा (तारांवर फिरवायच्या गजाचा) हात बदलायला सांगताना ते कारण देतात का, आणि वर्गातले सगळे विद्यार्थी एकसारखेच वाजवतात का. वर्गाच्या मैफली बहुतेक ठिकाणी फुकट असतात, त्यात हे अर्ध्या तासात कळतं.

घराणं ही गोष्ट चेलोतही खरी आहे. चेलोवादक डेव्हिड गेरिंगास मॉस्कोत थोर चेलोवादक रोस्ट्रोपोविचकडे शिकले, १९७० मध्ये चायकोव्स्की स्पर्धा जिंकले आणि पुढे ल्युबेक आणि बर्लिनमध्ये शिकवलं. त्यांच्याकडून सोल गाबेटा, योहानेस मोझर आणि येन्स पेटर माइंट्स तयार झाले. माइंट्स यांनी १९९४ मध्ये म्युनिकची एआरडी ही आंतरराष्ट्रीय संगीतस्पर्धा जिंकली, बर्लिनच्या डॉइचेस सिंफनी ऑर्केस्ट्रात प्रमुख चेलोवादक म्हणून काम केलं आणि २००४ पासून ते बर्लिनच्या कला विद्यापीठात शिकवतात. स्पर्धा, ऑर्केस्ट्रा, अध्यापन हा क्रम नीट लक्षात ठेवा, तिसऱ्या प्रश्नाला तो लागणार आहे.

आता परीक्षा. आठवी ग्रेड म्हणजे इथल्या तयारीची सुरुवात. तिच्यासोबत परीक्षेला बसणारी मुलं पाच-सहा वर्षांची असल्यापासून वाजवतात आणि त्यांतली काही शाळेत असतानाच होखशूलच्या पूर्व-वर्गात शिकलेली असतात. कार्यक्रम साधारण असा मागतात: पॉपरच्या ओपस ७३ मधला किंवा पियाटीच्या ओपस २५ मधला एक एट्यूड (तंत्राच्या सरावाची रचना), बाखच्या एखाद्या सुइटमधले (नृत्यरचनांच्या मालेतले) दोन भाग (एक संथ, एक जलद), हायडनच्या सी किंवा डी मेजर कॉन्चेर्टोचा पहिला भाग कॅडेन्झासह (ऑर्केस्ट्रा थांबल्यावर एकट्याने वाजवायच्या तुकड्यासह), आणि रोमँटिक किंवा विसाव्या शतकातली एक रचना. प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि मध्येच थांबवतात. थांबवलं म्हणजे नापास असं मुळीच नाही.

बऱ्याच ठिकाणी आधी व्हिडिओवरून चाळणी होते. एक भाग एका सलग टेकमध्ये हवा, दोन्ही हात दिसायला हवेत, नंतर आवाजावर काही प्रक्रिया नको. आणि एक बारीक गोष्ट, जी भारतातून येणाऱ्यांना फार नडते: इथे ए सूर ४४२ किंवा ४४३ हर्ट्झला लावतात. वर्षानुवर्षं ४४० वर सराव झालेला असेल तर परीक्षेच्या खोलीतल्या पियानोबरोबर थंब पोझिशनमधले (अंगठा तारेवर ठेवून वाजवायचे) वरचे सूर खाली पडतात, कारण कानाला जुना सूर पाठ असतो. ट्यूनर आजच ४४२ वर टाका.

थिअरीचा लेखी पेपर आणि कानाची परीक्षा वेगळी असते, आणि चेलो उत्तम वाजवूनही त्यात आपटणारे असतात. दोन आवाजांचं डिक्टेशन (ऐकून लिहिणं), कॉर्ड ओळखणं, चार आवाजांत कॅडेन्स (ओळ संपवणारी कॉर्डची साखळी) लिहिणं. ग्रेडच्या पुस्तकात कॉर्डना रोमन आकडे असतात, इथे टोनिका, सबडॉमिनांटे, डॉमिनांटे या फंक्शनच्या खुणा चालतात. शिवाय जर्मन पद्धतीत बी नॅचरलला एच आणि बी फ्लॅटला बी म्हणतात. घाईत हमखास चुकतं, तेव्हा सहा महिने जर्मन पुस्तकावरूनच सराव करू दे. थोडा पियानोही यायला हवा, तो बहुतेक ठिकाणी सक्तीचा आहे. जर्मन भाषेची पातळी बी१ किंवा बी२, होखशूलप्रमाणे बदलते.

वेळापत्रक: सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, अर्जांच्या मुदती बहुतांशी फेब्रुवारी ते एप्रिल, परीक्षा मे-जूनच्या आसपास. निकालानंतर व्हिसाला फार थोडे दिवस उरतात. शेंगेन पर्यटक व्हिसावर परीक्षा देऊन इथेच विद्यार्थी परवाना करून घेता येत नाही, परत जाऊन अर्ज करावा लागतो. परीक्षेला येण्यासाठी शिक्षण-अर्जदाराचा वेगळा व्हिसा असतो, त्याची चौकशी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात आधी करा. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसाला एपीएस प्रमाणपत्रही (शिक्षणाचे कागद तपासून दिलेलं) लागतं. ते मिळायला वेळ जातो, म्हणून निकालाची वाट न बघता कागद पाठवा. तुमच्या बोर्डाच्या बारावीवर थेट प्रवेश चालतो का, हे प्रत्येक होखशूलला लेखी विचारा. कला विषयांना काही ठिकाणी सवलत असते.

खर्च. बहुतेक सरकारी होखशूलमध्ये शिकवणी फी नाही, फक्त सत्र-वर्गणी. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात मात्र (फ्रायबुर्ग, कार्ल्सरुहे, मानहाइम, श्टुटगार्ट, ट्रॉसिंगेन) युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात, आणि बॅचलर आठ सत्रांची असते. व्हिसासाठी बंद खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिना ९९२. अर्ज करताना आकडा पुन्हा तपासा. म्युनिकमध्ये एवढ्यात भागत नाही. ट्रॉसिंगेन किंवा वाइमारसारख्या छोट्या गावात भागतं. खोली घेताना सरावाचं आधीच बोलून घ्या. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घरी वाजवण्यासाठी कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि रविवारी एक-दोन तास हा अंदाज दिला. उरलेला सराव होखशूलच्या खोल्यांत, आणि त्या सकाळी सातला मिळतात, दुपारी नाही.

वाद्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. पुण्याच्या पावसाळ्यातून चेलो जर्मन हिवाळ्यातल्या तापवलेल्या खोलीत आला की हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवरून तीसच्या खाली जाते. लाकूड आकसतं. वरची पाटी थोडी खाली बसते, तारा फिंगरबोर्डाला (बोटांखालच्या पट्टीला) टेकू लागतात, खुंट्या सुटतात, कडेचा सांधा उघडतो. सांधा उघडला तर घाबरू नका, सरस मुद्दाम लाकडापेक्षा कमकुवत ठेवलेला असतो, वाद्य बनवणारा तो पुन्हा चिकटवतो. पाटीला चीर गेली तर मात्र मोठं काम निघतं. केसमध्ये हायग्रोमीटर ठेवा, खोली ४० ते ६० टक्क्यांत राखा, हिवाळ्यासाठी थोडा उंच दुसरा ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती लाकडी घोडी) करून घ्या. विमानात चेलोला स्वतःची खिडकीची सीट लागते. ती ऑनलाइन न काढता विमान कंपनीला फोन करूनच काढा, आणि पट्ट्याचं एक्स्टेन्शन आधी मागून ठेवा. निघताना मुंबईच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, नाहीतर सुट्टीत परत नेताना ड्यूटीचा वाद होतो. जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंत असेल तर तो बो घरीच राहू दे. चेलो साधाच असेल तर तो तिथेच ठेवून इथे भाड्याने घेणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

पोट भरेल का? एकल वादक म्हणून जगणारे मूठभर. बाकीचे उत्तम वादक दोन-तीन कामं जोडून जगतात. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारे सुमारे १३० ऑर्केस्ट्रा आहेत. १९९२ मध्ये १६८ होते. एका जागेला शंभरावर अर्ज येऊ शकतात आणि निम्म्याहून कमी लोकांना बोलावतात. निवडीच्या पहिल्या फेरीत हायडनचा डी मेजर, बहुधा पडद्याआडून. त्यात लपायला कुठे जागाच नाही: थंब पोझिशनमधले ऑक्टेव्ह, स्वच्छ ट्रिल, हलका बो. नंतर ड्वोर्झाक किंवा शुमान, आणि शेवटी ऑर्केस्ट्राचे उतारे. ब्राम्सच्या दुसऱ्या सिंफनीच्या संथ भागाची सुरुवात हमखास असते. ती धून चौथ्या मात्रेवर उचलली जाते, म्हणून मनात लय पक्की नसेल तर पहिल्या दोन मापांतच परीक्षकांना कळतं. निवड झाली तरी साधारण वर्षभर चाचणी, मग सहकारी मतदान करतात. अनुभव नसेल तर बोलावणंच येत नाही, म्हणून पदवीच्या शेवटी ऑर्केस्ट्राच्या अकादमीत (जिथे तरुण वादक ऑर्केस्ट्राबरोबर वाजवत शिकतात) जागा मिळवणं हा खरा पूल आहे. बर्लिन फिलहार्मोनिकची कारायान अकादमी १९७२ पासून हेच करते.

दुसरा आधार शिकवण्याचा. मानधनावरची एक संगीतशिक्षिका प्रत्यक्षात नोकरदारच आहे असं ठरवणाऱ्या हेरेनबेर्ग निकालानंतर (जून २०२२) अनेक संगीतशाळा मानधनावरच्या शिक्षकांना रीतसर नोकरीवर घेऊ लागल्या आहेत, आणि इथे राहण्याच्या परवान्याच्या दृष्टीनेही नोकरी सोपी पडते. म्हणून अर्ज करताना कलात्मक शाखेबरोबर अध्यापनाची शाखाही जोडता येते का ते बघा. उद्या ती भारतात परतली तरी तो कागद उपयोगी पडेल. मुंबईत एनसीपीएच्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वादक मुलांना शिकवतातच, पण पुण्यात नीट शिकलेला चेलोशिक्षक अजूनही शोधावाच लागतो.