एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) बदलूनही थंड इंजिनला टिक-टिक येते, मेकॅनिक म्हणतो पॅकिंगला पेस्ट लावू. लावू द्यावी का?

नको. लाल सिलिकॉन पेस्ट साधारण ३०० अंशांपर्यंत तग धरते, आणि चढावर गाडी रेटली की एक्झॉस्ट ७०० च्या वर जातो. महिन्याभरात आवाज परत येईल, वर जळालेली पेस्ट खरवडत बसावं लागेल ते वेगळंच.

आधी खात्री करा की गळती तिथेच आहे. टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारा भाग) सुद्धा थंडीत असाच वाजतो. पोर्टच्या (धूर बाहेर पडणाऱ्या भोकांच्या) आजूबाजूला काळी काजळी दिसली तर मॅनिफोल्डच. तापल्यावर धातू फुगून फट बुजते, म्हणून आवाज थांबतो. पण ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) विनाकारण पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडलंय का बघा.

तुमचं हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यावर मॅनिफोल्ड बसतो) ॲल्युमिनियमचं आणि मॅनिफोल्ड बिडाचा असेल, तर खरी गोम इथे आहे. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दर वेळी तापताना-निवताना दोन्ही एकमेकांवर थोडे सरकतात, म्हणूनच बऱ्याच मॅनिफोल्डची टोकाची भोकं स्टडपेक्षा (हेडमध्ये बसवलेल्या आट्यांच्या दांड्यापेक्षा) मोठी ठेवलेली असतात. पॅकिंग कोरडं बसवायचं ते याचसाठी.

आता काम. इंजिन पूर्ण थंड हवं. नट निघत नसेल तर रस्ट स्प्रे मारून रात्रभर सोडा. जोर लावलात आणि स्टड हेडमध्ये तुटला, की दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. मॅनिफोल्ड काढल्यावर त्याच्या तोंडांवर सरळ पट्टी आडवी धरून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) सरकवा. ०.१० मिमीचं पान खाली जात असेल तर लेथवाल्याकडून फेस मारून (तोंड सपाट करून) घ्या. नवीन आहे म्हणून सोडू नका, स्वस्त मॅनिफोल्ड कोरा असतानाही वाकडा निघतो. मला तर तुमच्याकडे हीच शंका जास्त आहे. हेडचा फेस मात्र प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा, ॲल्युमिनियमला ओरखडा लगेच पडतो.

पॅकिंग आणि नट नवेच घ्या. सगळे नट आधी हाताने बसवा, मग मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत घट्ट करा. ८ मिमीच्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडाच धरा. 'हाताच्या अंदाजाने' वाले कारागीर टोकाचे नट हमखास जास्त आवळतात. सायलेन्सरचा पुढचा पाइप त्यानंतरच जोडा, नाहीतर त्याचा ताण मॅनिफोल्डवर येतो.

पहिला स्टार्ट उघड्यावर द्या. हाताचं तेल जळून थोडा धूर होईल. हीट शील्ड (वरचा उष्णता अडवणारा पत्रा) लगेच चढवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड स्टार्टला कान देऊन बघा, मग लावा.