एमडी घेणाऱ्या भावाला भास होतायत

प्रश्न: धाकटा भाऊ एमडी घेतो, रात्र रात्र झोपत नाही, आता म्हणतो भिंतीमागे पोलीस आहेत, कातडीखाली किडे फिरतायत. वेड लागलंय का?

उत्तर: ताई, एमडी म्हणजे मेफेड्रोन हे नशेचं ड्रग, याने मेंदूत डोपामाईन नावाचं रसायन एकदम वाढतं, त्यात जागरण, मग असे भास आणि संशय येतात. नशा थांबली की बऱ्याच जणांचं काही दिवसांत उतरतं, पण काहींचं रेंगाळतं, म्हणून सायकॅट्रिस्टला दाखवाच आणि एमडीचं लपवू नका प्लीज, उपचार त्यावरच ठरतात. त्याच्याशी वाद घालू नका, किडे त्याला खरंच जाणवतात. अंग तापलं, छातीत दुखलं किंवा तो अंगावर धावला तर थेट कॅज्युअल्टी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 फुकट आहे, आजच लावा.