काका वारल्यावर इंग्लंडमधलं घर बंद आहे, काउन्सिल टॅक्स भरायचा का?

म्हणजे काका मार्चमध्ये वारले, मिडलंड्समधलं घर त्यांच्या एकट्याच्या नावावर, मृत्युपत्रात एक्झिक्युटर (म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे) तुम्ही आणि तुम्ही सांगलीत. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरची कोर्टाची मंजुरी, अजून हातात नाही, घराला कुलूप आहे आणि तरी काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिथल्या पालिकेच्या घरपट्टीचं, बिल आलंय.

भरू नका, पण गप्पही बसू नका. असल्या घराला 'क्लास एफ' नावाची पूर्ण माफी आहे. मृत्यूच्या तारखेपासून प्रोबेट मिळेपर्यंत, मग त्याला वर्ष लागो, आणि मिळाल्यावर आणखी जास्तीत जास्त सहा महिने. घरात सामान असलं तरी चालतं, कुणी राहत नसलं म्हणजे झालं. मध्येच घर विकलं किंवा वारसाच्या नावावर केलं, तर त्याच दिवशी माफी संपते. काकू हयात असत्या आणि घर जोडनावावर असतं तर ही माफी बसली नसती. आणि शेवटची काही वर्षं काका केअर होममध्येच होते का? तसं असेल तर त्या काळासाठी 'क्लास ई' ही वेगळी माफी आहे. ती मागितलीच नसेल तर मागा, भरलेले पैसे काकांच्या इस्टेटीत (मागे राहिलेल्या मालमत्तेत) परत येतात.

माझ्या मावशीच्या घराचं मी हे सगळं केलंय. मृत्यूची नोंद करताना 'टेल अस वन्स' या सरकारी सेवेतून काउन्सिलला कळलं होतं, म्हणून मी निर्धास्त. प्रोबेट आल्याचं फक्त फोनवर सांगितलं. त्यांनी माफी प्रोबेटच्या तारखेलाच बंद केली आणि पुढच्या सहा महिन्यांचं बिल लावलं. प्रोबेटच्या कागदाची प्रत जोडून ईमेल केल्यावर ते रद्द झालं, पण तोवर दोन स्मरणपत्रं आणि एक समन्सची धमकी येऊन गेली होती. फोन कराच, पण त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेलही टाका, खाते क्रमांकासकट.

खरी गोची सहा महिन्यांनंतर. तिथून नेहमीचा टॅक्स सुरू. रिकाम्या घराला सवलत द्यायची की नाही हे २०१३ पासून प्रत्येक काउन्सिल आपापलं ठरवतं, आणि बरीच काउन्सिलं काहीच देत नाहीत. वर प्रीमियम, म्हणजे जादा टॅक्स. सामान नसलेलं घर वर्षभर रिकामं राहिलं की दुप्पट टॅक्स लावायची मुभा एप्रिल २०२४ पासून आहे. पाच वर्षांनी तिप्पट, दहा वर्षांनी चौपट. सामान असलेलं घर मात्र 'सेकंड होम' धरतात, आणि एप्रिल २०२५ पासून त्यालाही दुप्पट लावता येतो, तिथे वर्षभर थांबणंसुद्धा नाही. प्रोबेट मिळाल्यापासून १२ महिने या दोन्ही प्रीमियममधून सुटका आहे. म्हणजे पहिले सहा महिने शून्य, पुढचे सहा साधा टॅक्स. त्यानंतरही घर विकायला काढलेलं असेल तर आणखी १२ महिन्यांपर्यंत सूट मागता येते, पण एजंटकडची जाहिरात खरी आणि किंमत वाजवी लागते. मोठी दुरुस्ती चालू असेल तर तसाच वेगळा अपवाद आहे.

म्हणून सामानाचा निकाल लवकर लावा. आम्ही मावशीचा सोफा, पलंग आणि फ्रिज 'गिऱ्हाइकाला घर बरं दिसावं' म्हणून ठेवले, आणि तेवढ्यावर घर सामानासकट आहे असं नोंदलं गेलं. स्टीलचे डबे आणि पितळी समई मी घरी आणली, बाकी चॅरिटी शॉपला. मग प्रत्येक खोलीचे फोटो, कपाटं उघडी ठेवून, स्वयंपाकघराचे तर चार कोपऱ्यांतून, आणि सामान नेणाऱ्याची तारखेची पावती. पुढे त्या पावतीनेच काम झालं.

चुलतभावाला पंधरा दिवस राहायला पाठवलं तर घर रिकामं असल्याची मोजणी पुन्हा शून्यावर येईल का, असंही विचारलंय. नाही येत. सहा आठवडे किंवा त्याहून कमी वास्तव्य हिशेबातच धरत नाहीत. आणि ही मोजणी घराची असते, मालकाची नाही, त्यामुळे विकत घेणाऱ्यालाही आधीचे रिकामे महिने चिकटतात. त्याचा वकील ते विचारेल, तारखा तयार ठेवा. भाऊ खरोखरच तिथे राहायला गेला तर माफी संपली, टॅक्स त्याच्या नावावर, एकटा असेल तर २५ टक्के सूट. ते करायचं तर उघडपणे करा.

काउन्सिलने नाहीच ऐकलं तर आधी त्यांच्याकडेच लेखी हरकत, उत्तराला दोन महिने, मग व्हॅल्युएशन ट्रिब्युनल, म्हणजे असे वाद ऐकणारं स्वतंत्र न्यायाधिकरण. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.

हे सगळं इंग्लंडपुरतं. वेल्स-स्कॉटलंडचे नियम निराळे. आणि टॅक्सच्या नादात घराचा विमा विसरू नका. घर ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की बऱ्याच पॉलिसी हात आखडता घेतात, आणि तिकडे पाइप गोठण्याचे महिने अजून यायचेत. कंपनीला आजच कळवा.

बिलावर 'अनऑक्युपाइड' लिहिलंय की 'सेकंड होम', तेवढं बघून सांगा. पत्राचा मसुदा त्याप्रमाणे देते.