मुंबईत पगार किती, याआधी राहणार कुठे ते बघा

तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत: अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीतल्या खासगी कंपनीचं वर्षाला 6 लाखांचं पॅकेज, मंत्रालयात लिपिक-टंकलेखक आणि सरकारी बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर). गाव साताऱ्याकडचं, मुंबईत घर नाही, आणि विचारलंय की जास्त पैसे कशात? माझं आयुष्य पगारपत्रकं काढण्यात गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ते 6 लाख. पहिल्या पगाराच्या दिवशी नवीन मुलं माझ्या टेबलाशी येतात, मोबाइलवर बँकेचा एसएमएस उघडा असतो आणि प्रश्न एकच असतो, "सर, बाकीचे कुठे गेले?" समजा बेसिक 25,000 धरलंय. 6 लाखांना 12ने भागलं की 50,000 येतात. त्यातले वर्षाचे 60,000 जर व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारे, असतील, तर महिन्याला 5,000 तिथेच बाजूला पडले. ते वर्षअखेरीस मिळतील, पूर्ण मिळतीलच असं नाही. कंपनीने भरायचा पीएफ, म्हणजे बेसिकच्या 12 टक्के, 3,000, तोही पॅकेजमध्येच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी 4.81 टक्के, साधारण 1,200, तीही त्यातच, आणि कायम नोकरीत ती हातात यायला सलग 5 वर्षं काढावी लागतात. उरले 40,800. त्यातून तुमचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300). खात्यात 37,600. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही, पण ऑफर लेटर हातात आल्यावर हा हिशेब मांडलाच पाहिजे. एचआरला मेलवर सरळ विचारा: फिक्स किती, व्हेरिएबल किती, कंपनीचा आणि माझा, दोन्ही पीएफ आत धरलेत का?

आता लिपिक. वेतनस्तर एस-6, मूळ वेतन 19,900. ऐकायला कमी वाटतं. पण महागाई भत्ता मूळ वेतनाच्या निम्म्याच्या वर गेलाय आणि मुंबईत घरभाडे भत्ता 30 टक्के आहे. सगळं मिळून 36 हजारांच्या पुढे जातं, एनपीएसची (नव्या पेन्शन योजनेची) कपात होऊन 33 हजारांच्या आसपास हातात येतात. म्हणजे 6 लाखांच्या पॅकेजशी फरक फार तर चार-साडेचार हजारांचा. शिवाय एनपीएसमध्ये सरकार स्वतःचे 14 टक्के वेगळे घालतं. जुनी पेन्शन मात्र 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना नाही, तेव्हा काकांना मिळते म्हणून आपल्यालाही मिळेल हे डोक्यातून काढा. बढती सावकाश होते. पद नाही मिळालं तर आश्वासित प्रगती योजनेत 10, 20 आणि 30 वर्षांनी वरची वेतनश्रेणी, हा आधार आहे.

आणि आता घर, जे कुठल्याच ऑफर लेटरवर धड लिहिलेलं नसतं. मुंबईत भाड्याने राहायचं म्हणजे 11 महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलाली, आणि करार संपला की पुन्हा तेच. परवडतं म्हणून बदलापूर-विरार गाठलं तर रोज येऊन-जाऊन तीन तास गाडीत. म्हणून इथे सरकारी निवासस्थान हाच सगळ्यात मोठा भत्ता, असं माझं ठाम मत आहे. रेल्वे, पोलीस, बेस्ट, राज्य सरकार, सगळ्यांची क्वार्टर्स आहेत. प्रतीक्षा यादी लांबलचक असते आणि निवासस्थान मिळालं की घरभाडे भत्ता थांबतो, तरीही घ्या. फक्त एक गोष्ट कळकळीने सांगतो. क्वार्टर निवृत्तीबरोबर सोडावं लागतं. वांद्र्याच्या वसाहतीत पोरं लहानाची मोठी झाली आणि साठीच्या तोंडावर आईबाप कर्जतला फ्लॅट शोधत फिरतायत, हे मी फार जवळून पाहिलंय. क्वार्टरमध्ये वाचलेलं भाडं पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाका.

बँक पीओ या तिघांत पैशाने सरळसरळ वर आहे. 2024च्या वेतनकरारानंतर सुरुवातीचं मूळ वेतन 48,480 आहे. त्यावर भत्ते, बँकेने भाड्याने घेतलेलं घर आणि गृहकर्ज सवलतीच्या व्याजाने. पण पहिली नेमणूक मुंबईतच होईल याची खात्री धरू नका, बदली देशात कुठेही होते. शटर खाली आल्यावरही शाखेत काम असतं, वर विमा विकण्याचं टार्गेट. आई-वडिलांना सांभाळायची जबाबदारी एकट्यावर असेल तर हा मुद्दा पगारापेक्षा मोठा आहे.

तुमच्या यादीत नाहीत, पण धाकट्या भावासाठी विचारलंय म्हणून थोडं. पोलीस शिपायाचं मूळ वेतन 21,700, म्हणजे लिपिकापेक्षा जास्त, पण गणपती, दिवाळी, निवडणूक सगळं बंदोबस्तात जातं. शिक्षण सेवक व्हायचं असेल तर पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची: प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000. मुंबईत इतक्यात एकट्याचं भागणंही कठीण, घरचा आधार असेल तरच जमतं. ही रक्कम वाढायला हवी, यात मला शंका नाही. मर्चंट नेव्हीत पैसा आहे, पण बहुतेकांचा पगार जहाजावर असतानाच चालू असतो, घरी बसलेल्या महिन्यांत काही नाही. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. आरपीएसएल, म्हणजे जहाजावर भरती करण्याचा सरकारी परवाना असलेल्या एजन्सीला उमेदवाराकडून नोकरीचे पैसे घेता येत नाहीत.

गावाकडच्या मुलांना माथाडीचं काम माहीत असतं, त्यातला हिशेब नसतो. 1969च्या कायद्याने माथाडी मंडळात नोंद झालेल्या टोळीतल्या कामगाराची मजुरी मालक मंडळात भरतो, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के रक्कम, भरतो, आणि त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी चालतं. वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्या नोंदणीकृत माणसाला जे संरक्षण आहे, ते सीप्झमधल्या कित्येक कंत्राटी मुलांना नाही. मात्र मजुरी मालाच्या वजनावर आणि नगावर, माल कमी आला की कमाई कमी. गुडघे आणि कंबर चाळिशीतच बोलायला लागतात.

तुमच्याबद्दल माझं मत: पीओची निवड पक्की असेल आणि बदलीला घरच्यांची हरकत नसेल तर बँक. नाहीतर लिपिक म्हणून रुजू व्हा, रुजू झाल्याबरोबर निवासस्थानासाठी अर्ज टाका आणि विभागीय परीक्षांचा अभ्यास सोडू नका. कंपनीच घ्यायची असेल तर ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील येतात का ते विचारा. येत असले तरी त्यांची वेगळी पॉलिसी आत्ताच काढा, कारण नोकरी सुटली की ते कव्हरही जातं, आणि साठीनंतर नवीन पॉलिसीचा हप्ता पुष्कळ जास्त पडतो.